दुचाकीस्वाराचे शिक्षण कोणी करावयाचे?

सुरतेहून धुळे, जळगाव, अकोला, अमरावती असा नागपूरकडे जाणारा जो राष्ट्रीय महामार्ग आहे, त्याच्यावर मलकापूर आणि नांदुरा ह्या दोन तालुक्यांच्या गावांच्या दरम्यान वडनेर भोलजी वसले आहे. ह्या महामार्गाचा क्रमांक पूर्वी सहा होता. 2010 साली देशातील महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले, तेव्हापासून तो 53 झाला. पुढे त्याचे चौपदरीकरण निघाले, अनेक वर्षे रखडले आणि अखेर मार्गी लागले. ह्याच महामार्गाच्या अमरावती-अकोला टप्प्यात जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबरीकरण सुमारे 105 तासांत करून जागतिक विक्रम नोंदविला गेला. रस्ता इतक्या वेगाने बदलत असताना त्याच्यावर येणाऱ्या माणसाची गरज मात्र होती तशीच आहे. तहसील कचेरी नांदुऱ्याला, रेल्वे स्टेशन नांदुरा-मलकापूरला, महाविद्यालय आणि कापसाची बाजारपेठही तिकडेच. वडनेरच्या माणसाला महामार्गावर यावेच लागते, आणि आज तो येतो तो बहुधा मोटारसायकलवर. टाकीवर मूल, मागे बायको, हँडलला पिशवी. हंगामाच्या दिवसांत पाठीला फवारणीचा पंप किंवा मागील सीटवर आडवे टाकलेले बियाण्याचे पोते.

ह्या माणसाला मोटारसायकल चालविण्यास कोणी शिकविले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. उत्तर मात्र सर्वांना ठाऊक असते. थोरल्या भावाने, चुलत्याने किंवा वर्गमित्राने, एखाद्या संध्याकाळी, गावाबाहेरच्या शेतरस्त्यावर. क्लच हळू सोडायचा, पायाने गिअर टाकायचा, आणि 'पुढचा ब्रेक दाबू नकोस, गाडी उलटते' ही ताकीद. गाडी दहा-वीस वेळा बंद पडून अखेर चालू लागली की शिक्षण पूर्ण झाले. वस्तुतः ती ताकीदच घातक आहे. वेगात ब्रेक लावल्यावर गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, आणि गाडी थांबविण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. केवळ मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवणाऱ्याचे मागचे चाक घसरते आणि गाडी थांबावयास हवी तेथे थांबत नाही. एप्रिल 2019 पासून 125 सी.सी.पर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडणारी आणि त्यावरील गाड्यांना चाक जखडू न देणारी यंत्रणा सक्तीची झाली, हे खरे. परंतु खेड्यात वापरात असलेल्या कितीतरी गाड्या त्याआधीच्या आहेत, आणि नव्या गाडीवर बसणारा हातही जुन्याच ताकिदीत घडलेला असतो.

1 जुलै 2023 रोजी ह्याच बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून 25 प्रवासी मृत्युमुखी पडले. साऱ्या राज्याचे लक्ष तिकडे वेधले गेले आणि ते योग्यच होते. परंतु केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 ह्या वर्षात महाराष्ट्रात रस्ते अपघातांत 15,224 माणसे दगावली. म्हणजे दिवसाला एक्केचाळीसहून अधिक. त्या बसमधील बळींपेक्षा मोठा आकडा राज्यात रोज भरतो, परंतु तो एकेकट्याने भरत असल्यामुळे त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींची होते. त्याच वर्षी देशभरात 1 लाख 68 हजार 491 मृत्यू झाले. त्यांपैकी 74,897, म्हणजे शंभरात जवळजवळ पंचेचाळीस, दुचाकीवरील होते. एकूण मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश 18 ते 45 ह्या वयोगटातील, आणि तितकेच प्रमाण ग्रामीण भागातील अपघातांचे. 'दुचाकीवर मरणारा' म्हटले की शहरातला बेफाम तरुण डोळ्यांसमोर आणण्याची सवय आपल्या सुशिक्षित वर्गाला जडली आहे. आकडे मात्र खेड्याकडे आणि घरच्या कर्त्या माणसाकडे बोट दाखवितात. समृद्धी महामार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. 53 क्रमांकाच्या महामार्गावर तसा तो नाही, आणि असूही शकत नाही, कारण वाटेवरच्या गावांना दुसरा रस्ताच कोणता आहे?

दुचाकी ही खेड्यात चैन राहिलेली नाही, ह्याची कारणे उघड आहेत. एस.टी.चा ताफा गेल्या दशकात आटत गेला. ऑक्टोबर 2021 पासून एप्रिल 2022 पर्यंत चाललेल्या कर्मचाऱ्यांच्या संपाने तर ग्रामीण प्रवाशाला बसवाचून राहण्याची सवयच लावली. ज्या घरात एक मोटारसायकल नव्हती तेथे ती हप्त्यावर आली. ज्या घरात होती तेथे मुलाच्या कॉलेजसाठी दुसरी आली. सार्वजनिक वाहतुकीवरचा खर्च शासनाने आखडता घेतला की तो नाहीसा होत नाही, तो कुटुंबाच्या अंगावर जातो. पेट्रोल आणि हप्ता ह्या रूपाने तो दिसतो. अपघाताच्या रूपाने जो जातो त्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही.

आता कायद्याकडे वळावे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने परवान्याची जी रचना केली, तिच्यात शिकाऊ परवाना आणि पक्का परवाना असे दोन टप्पे आहेत. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यापासून तीस दिवस उलटल्यावाचून पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. ह्या तीस दिवसांत उमेदवाराने शिकावे अशी कायद्याची अपेक्षा आहे. परंतु कोणाकडून, कोठे, किती तास, ह्याविषयी खासगी दुचाकीच्या बाबतीत कसलेही बंधन नाही. जून 2021 पासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या आधारे शिकाऊ परवान्याची चाचणी घरबसल्या देण्याची सोय झाली. नागरिकांची पायपीट वाचली. त्याचबरोबर उमेदवार आणि परिवहन खाते ह्यांची पहिली भेटही नाहीशी झाली. उरली ती मैदानावरची परीक्षा. तीत गाडी आठच्या आकड्यात फिरवून दाखवावयाची असते. पाय जमिनीला न लावता आठ काढता आला, एवढ्याने तोल सिद्ध होतो. ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या ट्रकचे अंतर कसे जोखावे, दुभाजकाच्या तोंडाशी कोठे थांबावे, रात्री मागे दिवा नसलेली ट्रॉली उभी असेल हे कसे ओळखावे, ह्यांपैकी काहीही त्या आठात येत नाही.

मोटारीच्या बाबतीत केंद्राने निदान एक पाऊल टाकले आहे. 1 जुलै 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात जास्तीत जास्त चार आठवड्यांत 29 तासांचा अभ्यासक्रम पुरा करून उत्तीर्ण होणाऱ्यास परिवहन कार्यालयातील वाहन परीक्षेतून सूट मिळते. म्हणजे ज्या वाहनाला चार चाके आणि लोखंडी कवच आहे त्याच्या चालकासाठी एकोणतीस तासांचे शिक्षण आखले गेले. उघड्या अंगाने रस्त्यावर जाणाऱ्यासाठी मात्र थोरला भाऊ पुरेसा मानला गेला.

परदेशांत हा प्रश्न आधी उभा राहिला, कारण तेथे मोटारसायकल आधी पोचली. अमेरिकेत 1981 साली प्रसिद्ध झालेल्या हॅरी हर्ट ह्यांच्या अभ्यासात लॉस एंजेलिस परिसरातील 900 अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यांत सापडलेले चालक शंभरात ब्याण्णव स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आणि ऐन वेळी त्यांच्या हातून घडलेली ठळक चूक म्हणजे मागचा ब्रेक जादा आणि पुढचा अपुरा. लॉस एंजेलिस आणि नांदुरा ह्यांत साम्य शोधण्याचे कारण एरवी पडले नसते. पुढे 1987 पासून कॅलिफोर्निया राज्याने मोटारसायकलस्वारांसाठी राज्यव्यापी प्रशिक्षण कार्यक्रम चालविला, आणि ब्रिटनने डिसेंबर 1990 मध्ये नव्या चालकाला मूलभूत प्रशिक्षण सक्तीचे केले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावयास हवी. प्रशिक्षणामुळे अपघात निश्चितपणे कमी होतात, असे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. जगभरच्या अशा अभ्यासांचा 2010 मध्ये जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्याचा निष्कर्ष 'पुरावा अपुरा' असाच होता. ह्याउलट हेल्मेटविषयीचा 2008 चा आढावा निःसंदिग्ध आहे: मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी घटतो. काही प्रशिक्षणे तर चालकाला फाजील आत्मविश्वास देऊन उलटी फळे देतात, असाही आक्षेप आहे. मग प्रशिक्षणाचा आग्रह कशासाठी? तो अशासाठी की हे अभ्यास बहुतांशी अशा देशांतले आहेत, जेथे परवान्याची परीक्षा कडक आहे आणि अशिक्षित चालक रस्त्यावर सहजी येऊच शकत नाही. तेथे मोजला जातो तो वरच्या पायरीचा लाभ. आपल्याकडे पहिलीच पायरी बांधावयाची आहे. मात्र कसरती शिकविणारे नव्हे, तर धोका आधी ओळखावयास लावणारे प्रशिक्षणच उपयोगी, हा धडा त्या आक्षेपातून घेण्याजोगा आहे.

हेल्मेटचा विषय निघाला म्हणून सांगावयाचे, तर 2022 मध्ये देशात हेल्मेटवाचून मेलेल्यांची संख्या 50,029 होती. त्यांत मागे बसणारे चौदा हजारांवर. कायद्याच्या 129 व्या कलमाने हेल्मेट सक्तीचे आहे, 2019 च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील मुलालाही ते लागू झाले, आणि उल्लंघनाला हजार रुपये दंड व तीन महिने परवाना निलंबन अशी तरतूद आली. महाराष्ट्राने ह्या बाबतीत काय केले? 2016 साली तत्कालीन परिवहनमंत्र्यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असे जाहीर केले आणि लगेचच ते मागे घेतले. 2019 च्या आरंभी पुण्यात सक्ती सुरू होताच तिच्याविरुद्ध कृती समिती उभी राहिली. शिकलेल्या शहराने सक्तीविरुद्ध मोर्चे काढावेत आणि वडनेरच्या शेतकऱ्याने मात्र शहाणपणाने हेल्मेट घालावे, ही अपेक्षा जरा जादाच म्हणावी लागेल. नुसत्या दंडाने हेल्मेट चौकापुरते डोक्यावर येते आणि चौक ओलांडताच आरशाला लटकते. ते का घालावयाचे, पट्टा का आवळावयाचा, रस्त्याकडेला मिळणारी टोपी आणि प्रमाणित हेल्मेट ह्यांत फरक काय, हे सांगण्याची जागा प्रशिक्षणाचा वर्ग हीच आहे.

प्रश्न येतो तो पैशाचा, आणि नेमके येथेच सबबी पांगळ्या पडतात. दुचाकी विकली जाते त्या क्षणी शासनाला दोन वाटांनी पैसा मिळतो. केंद्र व राज्य ह्यांचा वस्तू व सेवा कर, जो 350 सी.सी.पर्यंतच्या गाड्यांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, आणि राज्याचा एकरकमी वाहन कर. (हेल्मेटवरचा कर 18 टक्केच राहिला, गाडी स्वस्त झाली, डोके झाले नाही.) ह्या उत्पन्नाचा अल्पसा हिस्सा, किंवा दर नव्या नोंदणीमागे दोन-तीनशे रुपये, प्रशिक्षणासाठी वेगळे ठेवले तर दोन दिवसांच्या वर्गाचा खर्च निघू शकेल. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. तो विमा दुसऱ्याच्या नुकसानीचा. स्वतः चालविणाऱ्या मालकासाठी 15 लाखांचे जे अपघात संरक्षण आहे, ते वैध परवाना असेल तरच लाभते, आणि तेही मालकालाच. वडिलांच्या नावावरची गाडी घेऊन परवान्याविना निघालेला मुलगा ह्या दोन्हींच्या बाहेर राहतो. अठरा वर्षांखालील असेल, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकालाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो. एवढी कडक शिक्षा लिहून ठेवणाऱ्या कायद्याने त्या मुलाला शिकण्याची जागा मात्र कोठेच दिलेली नाही.

दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान साजरे होते. रॅली निघते, फलक लागतात, शाळांतून निबंध लिहवून घेतले जातात. ह्या खटाटोपाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु रॅलीत सामील होणारा आधीच हेल्मेट घालून आलेला असतो. तोच पैसा आणि तेच मनुष्यबळ वर्षभर विभागले आणि शिकाऊ परवान्याच्या त्या रिकाम्या तीस दिवसांना जोडले, तर कार्यक्रमाला सांगाडा मिळतो: एक दिवस वर्गात, एक दिवस मैदानावर, आणि दोन्ही दिवसांची नोंद असल्यावाचून आठचा आकडा काढावयास बोलावणे नाही. सक्ती एकदम साऱ्या राज्यावर नको. प्रथम महाविद्यालये आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था घ्याव्यात, कारण अठराव्या वर्षी परवाना काढणारा वर्ग तेथे एकत्र सापडतो. राष्ट्रीय सेवा योजनेची पथके तेथे आहेत आणि मैदानेही आहेत. शिक्षक कोठून आणावयाचे, हा त्याहून कठीण प्रश्न आहे. मोटार वाहन निरीक्षकांवर परीक्षांचाच भार पुरेसा आहे. एस.टी.चे निवृत्त चालक आणि वाहतूक पोलीस ह्यांना तयार करावे लागेल, आणि त्यांना तयार करणाऱ्यांना आधी तयार करावे लागेल. पुण्याची केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था 1967 पासून ह्या क्षेत्रात आहे, तिच्याकडे हे काम सोपविता येईल.

एजंटांच्या हाती हा कार्यक्रमही कागदोपत्री दाखल्यांचा बाजार होईल, ही भीती खरी आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या दाखल्यांचा अनुभव काही निराळा नाही. त्यावर उपाय इतकाच, की प्रशिक्षण देणारा आणि परीक्षा घेणारा एक नसावा, आणि अपघातात सापडलेला चालक कोणत्या वर्गातून आला होता ह्याची नोंद अपघाताच्या पंचनाम्याबरोबर ठेवली जावी. तीन-चार वर्षांत कोणते वर्ग खरे आणि कोणते नावाचे हे आकडेच सांगतील. परदेशी आढाव्यांना न मिळालेले उत्तरही कदाचित त्यांतूनच मिळेल. जिल्ह्याचे परिवहन कार्यालय बुलढाण्याला, राजूर घाटाच्या वर आहे. वडनेर भोलजीच्या मुलाने दोन दिवसांच्या शिक्षणासाठी घाट चढून, तोही शिकाऊ अवस्थेत मोटारसायकलवर, तेथे जावे असे कोणी म्हणणार नाही. त्याला नांदुरा किंवा मलकापूर येथील एखाद्या महाविद्यालयाचे मैदान, चार रंगीत शंकू आणि पुढचा ब्रेक दाबावयास लावणारा एक माणूस पुरेसा आहे.