धुराची खोली आणि चौकातला फलक

शिरूर तालुक्यातल्या माणसाला कोरियन माणूस काही नवा नाही. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजीचा कारखाना सुरू झाला त्याला वीसएक वर्षे झाली. वढू बुद्रुक, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यातल्या अनेकांनी आयुष्यात अमेरिकन माणूस पाहण्याआधी कोरियन साहेब पाहिला. हा साहेब वडीलधाऱ्यांपुढे कमरेत वाकतो, वयाने मोठ्या सहकाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारीत नाही आणि जेवणात भात नसेल तर त्याला जेवल्यासारखे वाटत नाही. म्हणजे तो वागण्यात आपल्या फारसा लांबचा नाही. त्या साहेबाचा मुलगा शिकायला अमेरिकेत जातो, आणि आता याच पट्ट्यातला एखादा मुलगाही त्याच विद्यापीठात, कदाचित त्याच वर्गात जाऊन बसतो. आकडेही तेच सांगतात. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारत पहिला होता. आपली ३ लाख ३१ हजारांहून अधिक मुले तिथे होती. चीन दुसरा आणि एवढासा दक्षिण कोरिया, सुमारे ४३ हजार विद्यार्थी पाठवून, तिसरा.

या दोन मुलांपुढे तिथे जे वाढून ठेवलेले असते ते बरेचसे एकसारखेच असते. आपल्याकडे शिक्षकापुढे गप्प बसणे हा गुण. कोरियातही तसेच. अमेरिकेत वर्गात तोंड उघडण्याला गुण असतात, आणि जो बोलत नाही त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही असे धरले जाते. प्राध्यापकाला पहिल्या नावाने हाक मारायची म्हटले की दोघांचीही जीभ टाळ्याला चिकटते. पुस्तकातला उतारा जसाच्या तसा उतरवून काढणे हे आपल्याकडे पाठांतराचे कौतुक, तिथे ती चोरी ठरते आणि त्यापायी विद्यापीठातून काढूनही टाकतात. किमचीच्या वासाने शेजारी नाक मुरडतात, तर आपल्या फोडणीने छतावरचे धुराचे यंत्र कोकलू लागते. सुरुवातीला हे सगळे गमतीचे असते. पत्रातून आणि आता फोनवरून घरी सांगितले जाते ते एवढेच.

जे सांगितले जात नाही त्याबद्दल आज लिहायचे आहे. त्यासाठी थोडे मागे, १८८३ सालात जावे लागेल.

त्या वर्षी ४ जून रोजी आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. वय अठरा. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत कोरियाच्या राजाने अमेरिकेला पाठविलेल्या पहिल्या शिष्टमंडळातून यू किल-चुन नावाचा तरुण तिथे पोहोचला. शिष्टमंडळ परतले, हा मात्र शिकायला मागे राहिला. अमेरिकेत शिकलेला पहिला कोरियन विद्यार्थी म्हणून त्याचे नाव घेतले जाते. म्हणजे आपली पहिली विद्यार्थिनी आणि कोरियाचा पहिला विद्यार्थी एकाच वर्षी, काही महिन्यांच्या अंतराने, त्या भूमीवर उतरले. दोघांची गाठ पडण्याचे कारण नव्हते. तो मॅसॅच्युसेट्समध्ये होता, ही फिलाडेल्फियात. पण दोघांनी काढलेल्या वाटा अगदी उलट होत्या. यू किल-चुनने डोक्यावरची शेंडीची गाठ कापली, पाश्चात्त्य कपडे चढविले आणि आपला कोरियन पोशाख सेलम गावच्या एडवर्ड मोर्स या विद्वानाला देऊन टाकला. तो आजही तिथल्या संग्रहालयात आहे. पुढे मायदेशी मंत्री झाल्यावर लोकांनी शेंड्या कापाव्यात असा हुकूम १८९५ मध्ये निघाला, त्यातही त्याचा हात होता. त्या हुकमाने कोरियात केवढा उठाव झाला ही कथा वेगळी.

आनंदीबाईंनी याच्या नेमके उलट केले. निघण्यापूर्वी सेरामपूरच्या सभेत त्यांनी शब्द दिला होता की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. रोझेलच्या कार्पेंटर बाईंनी त्यांना लेकीसारखे ठेवून घेतले. वुमन्स मेडिकल कॉलेजच्या प्रमुख रॅचेल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली. त्यांच्या बरोबरीने तिथे शिकणाऱ्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासोबतचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिघी आपापल्या देशीच्या वेषात उभ्या. ते छायाचित्र पाहून ऊर भरून येतो, येणारच. पण छायाचित्रात खोली दिसत नाही.

फिलाडेल्फियाला त्यांना मिळालेल्या खोलीतली शेगडी नीट पेटत नसे आणि पेटली तर खोली धुराने भरे. धूर की थंडी, यातले एक निवडायचे. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला घेतली, तर तेवढ्यावरूनही पतीची मर्जी राखत पत्रातून खुलासे करावे लागले. मांसाहार नाही, आणि अभ्यास व रुग्णालय सांभाळून स्वतःपुरते रांधायचे. मग कधी उकडलेले बटाटे, कधी तेही नाहीत. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली तेव्हा समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पदवीच्या आधीच छातीच्या दुखण्याने देह पोखरला होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक झाली होती, तिथे पाऊल टाकणे नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी नव्हती.

आपण ही कथा गेली सव्वाशे वर्षे निश्चयाची कथा म्हणून मुलांना सांगत आलो. ती निश्चयाची आहेच. परंतु ती उपासमारीचीही आहे, आणि हा भाग आपण भक्तिभावाने झाकतो. अठरा वर्षांच्या मुलीला आजारपणातही तक्रारीचा सूर लावता येत नव्हता, कारण तिच्यामागे पुण्यापासून कलकत्त्यापर्यंतचा सारा समाज टपून बसला होता. ती बाटेल, मोडेल किंवा परत येईल, यांपैकी काही ना काही घडेल याची वाट पाहत. अशा डोळ्यांदेखत माणूस खोली बदलून मागत नाही.

कोरियाची पहिली महिला डॉक्टर एस्थर पार्क हिची हकीकत ऐकली तर अंगावर काटा येतो, इतकी ती आपल्या ओळखीची वाटते. ती बाल्टिमोरच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १९०० मध्ये पदवीधर झाली. तिच्या शिक्षणासाठी तिचा नवरा अमेरिकेत मोलमजुरी करीत राहिला, आणि ती पदवी घेण्याच्या थोडे आधीच क्षयाने वारला. ती मायदेशी परतली, दहा वर्षे रुग्णांमागे राबली आणि १९१० मध्ये क्षयानेच गेली. गोपाळरावांशी या नवऱ्याची तुलना करण्याचा मोह होतो. तो आवरतो.

सर्वांनाच अमेरिका अशी जड गेली असे मात्र नाही. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोद्याची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, त्यातून घरीही पैसे पाठवायचे, म्हणजे पोटाचे हाल त्यांनाही चुकले नाहीत. पण वसतिगृहात, भोजनगृहात, ग्रंथालयात त्यांना कोणी जात विचारीत नव्हते. ज्याला मायदेशी शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नव्हता, त्याला परदेशाशी ‘जुळवून’ काय घ्यायचे होते? जुळवून घेण्याचे दुःख घरी सुखात असलेल्यांचे असते. बाबासाहेबांची खरी कसोटी परत आल्यावर, १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना तेव्हा लागली. १ जानेवारी १९२७ रोजी ते ज्या कोरेगावच्या विजयस्तंभापाशी आले, तो वढू बुद्रुकपासून अगदी जवळ आहे. आज अमेरिकेत जाणारी आपली मुले या दोन्ही वारशांतली असतात. आणि जातही आता त्यांच्या सामानातून पोहोचलेली आहे, एरवी सिएटल शहराला २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा करण्याची गरज पडली नसती.

आता आजच्या मुलाकडे वळू. त्याच्या खोलीत धूर नसतो. वाणसामानाच्या भारतीय दुकानात तूरडाळीपासून भडंगापर्यंत सारे मिळते, आणि आईचा चेहरा रोज पडद्यावर दिसतो. मग त्याला खोली बदलून मागता येते का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याला कारण आपला चौक आहे. मुलाला व्हिसा मिळाला की गावच्या चौकात फलक लागतो. मुलाचा कोटातला फोटो, खाली शुभेच्छुकांच्या दोन ओळी, ‘उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस रवाना’. हौस म्हणून ठीक आहे. पण त्या फलकाखालून मुलगा पहिल्याच वर्षी परत कसा येणार? त्यात कर्ज. शेतजमीन बँका तारण म्हणून सहसा घेत नाहीत. मग राहते घर अडकते, कुणा चुलत्याला जामीन राहावे लागते किंवा रस्त्याकडचे दोन-चार गुंठे जातात. मुलगा विमानात बसतो तो या सगळ्यांना खांद्यावर घेऊन.

तिथले नियम त्याला ठाऊक असतात, घरच्यांना नसतात. शिकत असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येते. बाहेर परवानगीशिवाय हात लावला तर व्हिसा धोक्यात. तरी हिशेब जुळत नाही म्हणून पेट्रोलपंपावर, हॉटेलच्या मागच्या दाराने रोखीत काम करणारी मुले असतातच, आणि मालक अनेकदा आपलाच देशबांधव असतो. तो मजुरी बुडवतो तेव्हा तक्रार करायची सोय नाही. शिक्षण संपल्यावर नोकरीची मुदत एक वर्ष, विज्ञान-तंत्रज्ञानाला आणखी दोन. मे २०२५ मध्ये व्हिसाच्या नव्या मुलाखती देणेच काही आठवडे थांबले. सप्टेंबरात परदेशी कुशल कामगारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. दोन वर्षांपूर्वी ज्या हिशेबावर घर तारण ठेवले तो हिशेब असा एका सहीने कोलमडतो. यात मुलाची चूक कुठली?

कोरियन भाषेत एक शब्द आहे, ‘गिरोगी आप्पा’. म्हणजे रानहंस बाप. बायको-मुलांना शिक्षणासाठी परदेशी ठेवून स्वतः मायदेशी एका खोलीत राहून पैसे पाठविणारा आणि हंसासारखा वर्षाकाठी एकदा उडत जाऊन भेटणारा. या बापांच्या एकाकीपणाबद्दल तिथे बरेच बोलले आणि लिहिले गेले. शब्द तयार झाला म्हणजे निदान दुखणे समाजाने ओळखले. आपल्याकडे ‘मुलगा अमेरिकेत असतो’ या वाक्यापुढे पूर्णविरामच असतो. (कोरियन मुलांना तिथल्या त्यांच्या चर्चमध्ये रविवारी फुकट जेवण आणि चौकशी करणारी चार माणसे मिळतात. आपली महाराष्ट्र मंडळे गणपती-दिवाळी झकास करतात. मात्र विद्यार्थ्याला तिथे आधी तिकीट घ्यावे लागते, हे मंडळवाल्यांनी मनावर घ्यावे.)

मग काय, मुलांनी जाऊ नये? असे कोण म्हणेल. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलला गेले नसते तर ज्ञानकोश कदाचित झाला नसता. जावे. पण निघण्याआधी घरात एक बैठक व्हावी, आणि तीत मुलाच्या यशाबद्दल बोलू नये. पैसे संपले तर कुणाला सांगायचे, एक सत्र नापास झाले तर काय, नोकरी नाही मिळाली तर कर्ज किती वर्षांत आणि कशातून फिटेल, परत यावेसे वाटले तर घराचे दार कसे उघडले जाईल, हे आई-वडिलांनी स्वतःच्या तोंडाने बोलावे. मुलगा ते आपणहून विचारणार नाही. आणि फोनवर ‘जेवलास का’ या प्रश्नाला तो नेहमीच ‘हो’ म्हणतो. तेव्हा काय जेवलास, कुणाबरोबर जेवलास, असे विचारावे.