डायलिसिस फुकट, पण दिवस कुणाचे?

किडनीचा आजार हा दवाखान्याचा विषय, चळवळीचा नव्हे, असे आमच्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात ज्या घरात एक माणूस डायलिसिसवर आहे, त्या घराची शेती आतून मोडते. ती कशी मोडते याचा हिशेब मात्र कोणत्याही सरकारी कागदावर नाही.

जे मिळाले ते आधी सांगतो. जीवनदायी योजना २०१२ साली निवडक जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. मध्यंतरी पांढऱ्या कार्डाचे शेतकरी तीत घेतले, ते विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांतले. माणचा आणि जतचा दुष्काळ त्या यादीत बसला नाही. २०२३ च्या निर्णयाने योजना सर्वांसाठी खुली झाली आणि कुटुंबाचे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले. योजनेतल्या दवाखान्यात मशीनचे बिल आता भरावे लागत नाही. हे थोडे नव्हे.

पण मशीन गावात येत नाही, माणसाला मशीनकडे जावे लागते. एक डायलिसिस चार तासांचे. जतहून मिरज ऐंशी-नव्वद किलोमीटर, आणि पूर्वेकडच्या गावांना जतच लांब. पहाटे निघालेले दोघे दिवेलागणीला घरी पोचतात. आठवड्यातून दोनदा धरले तरी वर्षाचे १०४ दिवस, म्हणजे दोन माणसांचे २०८. डॉक्टरांनी तीनदा सांगितले तर ३१२. रुग्णाला साध्या एसटीत भाडे माफ आहे, सोबतच्या बाईला २०२३ पासून अर्धे तिकीट. पण शेवटची गाडी चुकली की वडापवाल्याला दोघांचे पुरे पैसे मोजावे लागतात.

सोबतीला जाते ती बहुधा घरची बाईच. वेचणीच्या दिवसांत ती दवाखान्याच्या बाकावर, आणि इकडे बोंडातला कापूस लोंबतोय. ज्वारी काढणीला आली तरी तेच. हमीभाव काढताना घरच्या माणसांची मजुरी धरतात, पण ती रानात राबल्याची. बाकावर गेलेला दिवस त्यात कुठेच नाही. २०२५-२६ साठी मालदांडीला क्विंटलमागे ३,७४९ रुपये जाहीर झाले. ते किती जणांच्या हाती पडले, हे ज्याचे त्याने सांगावे.

घरी आल्यावरही सुटका नसते. पाणी जपून वापरायला आपण जन्मापासून शिकलो, पण इथे घोट मोजावे लागतात. डॉक्टरांनी सांगितलेले दिवसाचे पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवावे, चहा-ताकही त्याच मापात धरावे. भाकरीबरोबरचे मीठ, लोणचे, पापड बंद. पाहुणे मायेने शहाळे आणि केळी आणतात, त्यांना दारातच सांगावे: त्यातले पोटॅशियम या माणसाचे हृदय बंद पाडू शकते. ज्या हातावर फिस्तुला केला आहे, त्या हाताने घागर उचलू देऊ नये, त्यावर सुई किंवा रक्तदाबाचा पट्टा लावू देऊ नये. आणि ज्यांच्या किडन्या अजून धड आहेत त्यांनी मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या मूठमूठ आणून खाणे थांबवावे. साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. किडन्या निकामी होतात त्या बहुतेक याच दोघांपायी.

मग मागायचे काय? तालुक्या-तालुक्याला मशीन द्या, ही मागणी बरोबर आहे, पण पुरी नाही. एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते, शिवाय ते शुद्ध करताना वाया जाते ते वेगळे. टँकरवर जगणाऱ्या तालुक्यात मशीनआधी पाणी आणि अखंड वीज बसवावी लागेल. नाहीतर फीत कापल्यानंतर खोलीला कुलूप. नागनाथअण्णांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरल्या, तेव्हा पाणी पिकासाठी मागितले. आज ते रक्त धुण्यासाठीही मागावे लागते आहे.

दुसरा मार्ग पोटातून करायच्या डायलिसिसचा आहे. पिशवीतले औषधी पाणी पोटात सोडायचे, काही तासांनी काढायचे. दिवसातून तीन-चार वेळा, घरीच, मशीन आणि विजेवाचून. स्वच्छ खोली आणि धुतलेले हात मात्र हवेत, नाहीतर पोटात जंतू शिरतात. थायलंडच्या सरकारने २००८ साली आपल्या योजनेत हाच मार्ग आधी धरला आणि तिथल्या खेड्यांतल्या घरांनी तो चालवला. सगळ्यांना तो मानवेल असे नाही, ते डॉक्टरांनी ठरवावे. पण शंभर किलोमीटरवरच्या माणसाला तो निदान विचारला तरी जावा, आणि पिशव्या गावाजवळच्या आरोग्य केंद्रात मिळाव्यात. सोबतच्या माणसाला बुडालेल्या दिवसाची मजुरी मिळावी. रोजगार हमीच्या दराने दिली तरी चालेल.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक शाखेने एक कागद आणावा. गावात डायलिसिसचे रुग्ण किती, ते कुठे जातात, पाळी किती वाजता असते आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता सुटते, एवढेच त्यावर लिहावे. रुग्णांची नावे लिहू नयेत. हे कागद घेऊन आम्ही आधी विभाग नियंत्रकांकडे जाणार आहोत, मग जिल्हा शल्यचिकित्सकांकडे.