मडकुल्यांतील आंबट पेय

मद्याची कृति ह्या सदरांत देण्यास मी एरवीं धजलें नसतें. परंतु गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं एक प्रसंग घडला आणि त्यांत एका निरपराध मुलास सर्वांचे बोल ऐकावे लागले. बोलणाऱ्यांत मीही होतें. म्हणून कृति आणि प्रसंग दोन्ही सांगतें.

थोरल्या भाऊजींचा मुलगा नोकरीनिमित्त मेक्सिकोंतील ग्वादालाहारा शहरीं तीन वर्षें राहून परत आला. येतांना त्यानें टकीलाची एक बाटली व सहा लहानशीं मातीचीं मडकुलीं आणलीं. आमच्याकडे पूर्वीं असली बाटली आली नव्हती. त्यानें रीतसर परवाना काढला होता, हें मात्र आधींच सांगितलें पाहिजे. १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा फेरफारांसह महाराष्ट्रांत अद्याप लागू आहे, आणि वयाचीं २५ वर्षें पूर्ण झाल्यावांचून हा परवाना मिळत नाहीं.

टकीला हें मुळांत तिकडील हलिस्को प्रांतांतल्या एका गांवाचें नांव. आपल्याकडे शेताच्या बांधावर कुंपणासाठीं घायपात लावतात, त्याच कुळांतील एका निळसर जातीपासून हें मद्य काढतात. आपण घायपाताच्या पानांतून वाख काढून दोर वळतों. ते लोक पानें छाटून टाकतात व आंतला गड्डा घेतात. झाड पक्व होण्यास सहा-सात वर्षें लागतात. छाटलेला गड्डा दिसतो अननसासारखा, आणि त्यास तेथें अननस असेंच म्हणतात. तो भाजून पिळावयाचा, रस आंबवावयाचा आणि त्याचें दोन वेळां ऊर्ध्वपातन करावयाचें. १९७४ पासून मेक्सिकोच्या ठराविक भागाबाहेर केलेल्या मद्यास हें नांव कायद्यानें लावतां येत नाहीं.

ग्वादालाहाराहून टकीला गांवीं जातांना अमातितान लागतें. त्या वाटेवर मडकुल्यांतून ‘कांतारीतो’ नांवाचें पेय विकतात. शब्दाचा अर्थच लहानशी घागर. आमच्या मुलानें तें गच्चीवर करून दाखविलें. मडकुलें प्रथम पंधरा मिनिटें गार पाण्यांत बुडवून ठेवावें. माठ ज्या न्यायानें पाणी निववितो त्याच न्यायानें हें पेय गार राहतें. मग कांठाला लिंबाची फोड फिरवून मीठ व तिखट लावावें. आंत बर्फ, चिमूटभर मीठ, संत्र्याचा रस ६० मिलीलिटर, ग्रेपफ्रूटचा ३० व लिंबाचा १५ घालून टकीला ४५ मिलीलिटर ओतावी आणि वर सोडा भरावा. तिकडे ग्रेपफ्रूटच्या स्वादाचा गोड सोडा घेतात. आपण साधा सोडा घेऊन थोडी पिठीसाखर विरघळवावी. टकीला मापानेंच घ्यावी. बाटलीवर शेंकडा ४० असें प्रमाण असेल तर ४५ मिलीलिटरांत निव्वळ मद्यार्क १८ मिलीलिटर येतो, आणि आंबट, खारट व गोड अशा तिन्ही चवींखालीं तो जिभेस मुळींच कळत नाहीं.

बाजारांत ग्रेपफ्रूट मिळेना, तेव्हां कोंकणांतून आलेलें पपनस सोलून त्याचा रस काढला. मामंजी मद्यास शिवत नाहींत. त्यांच्यासाठीं मद्यावांचून निराळें मडकुलें केलें, आणि संत्रीं कमी पडल्यामुळें त्यांत पपनसाचाच रस सढळ हातानें घातला. त्यांस तें इतकें रुचलें कीं त्यांनीं पुन्हां मागून घेतलें. तासाभरानें ते उठूं लागले तों त्यांस घेरी आली आणि ते पुन्हां खुर्चींत बसले. घरांत एकच गोंधळ! मडकुलीं बदललीं, पोरानें आजोबांस दारू पाजली, असें जो तो म्हणूं लागला. मुलगा शपथेवर सांगत होता, पण ऐकतो कोण?

डॉक्टरांनीं रक्तदाब पाहिला. तो फार उतरला होता. त्यांनीं मद्याची चौकशी करण्याआधीं फळाचें नांव विचारलें. पपनस म्हणतांच त्यांनीं मामंजींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी मागविली आणि बहुधा कारण हेंच असावें, असें सांगितलें.

हा शोध लागला तोही अशाच योगायोगानें. रक्तदाबाच्या फेलोडिपिन ह्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो, हें कॅनडांत डेव्हिड बेली व त्यांचे सहकारी तपाशीत होते. मद्याची चव लपावी म्हणून त्यांनीं तें ग्रेपफ्रूटच्या रसांतून दिलें. पाहतात तों औषधाचें रक्तांतील प्रमाण भलतेंच वाढलेलें, आणि अपराधी मद्य नसून रस! १९८९ सालीं हें प्रसिद्ध झालें. आंतड्यांत औषधाचा कांहीं भाग मोडून टाकणारें एक द्रव्य असतें, तें ह्या रसानें निकामी होतें. मग जो भाग वाटेंतच नाहींसा व्हावयाचा तोही रक्तांत उतरतो. नवें द्रव्य तयार होण्यास दिवसाहून अधिक काळ जातो, म्हणून सकाळीं गोळी व सायंकाळीं रस अशी तोड चालत नाहीं. ग्रेपफ्रूट हें पपनस व संत्रें ह्यांच्या संकरांतून बार्बाडोस बेटावर निपजलेलें फळ. हा गुण त्यास पपनसाकडूनच आला. कोलेस्टेरॉलवरील सिम्व्हास्टॅटिन व ॲटोर्व्हास्टॅटिन ह्या औषधांसही तो बाधतो. सर्वच गोळ्यांना बाधतो असें नाहीं, तेव्हां आपली गोळी कोणती हें डॉक्टरांस दाखवून विचारावें. भिऊन गोळी मात्र आपल्या मनानें बंद करूं नये. त्यापेक्षां फळ सोडावें.

मामंजी दुसऱ्या दिवशीं सावरले. त्यांनीं आम्हां सर्वांस बोलावून नातवाची क्षमा मागावयास लावली. मीं मागितली, माझ्या दोन्ही जावांनींही मागितली. भाऊजींनीं मागितली नाहीं, पण त्या दिवसापासून ते मुलाशीं बरेंच मऊ बोलतात.

आतां पपनस आम्हीं ह्या पेयांतून काढूनच टाकलें आहे. त्याऐवजीं गोड संत्र्याचा रस ९० मिलीलिटर घेतों, लिंबू तेवढेंच. मद्याच्या मडकुल्यास गळ्याशीं लाल दोरा बांधतों, आणि ज्यास गाडी चालवावयाची असेल किंवा जो कोणतेंही औषध घेत असेल, त्याच्या हातीं दोऱ्याचें मडकुलें देत नाहीं. दोऱ्याचीं मडकुलीं ठेवावींही निराळीं. धुतांना साबण लावूं नये, माती वास धरते. ऊन पाण्यानें नारळाच्या शेंडीनें घांसून दिवसभर उन्हांत पालथीं घालावीं.