जुना टेडी घ्या, पण धुऊन

पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून किंवा नात्यातल्या घरातून आलेला टेडी पोराच्या हातात देण्याआधी धुवायलाच हवा. दोन तास ऊन दाखवलं की झालं, असं अनेकांना वाटतं. उन्हाने ओल आणि वास जातो. धूळकिड्यांची विष्ठा मात्र कापसातच राहते, आणि शिंका, दमा बळावतो तो तिच्यामुळे. किडे मरायला ६० अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. ते न सोसणारं खेळणं पिशवीत बांधून दिवसभर फ्रीजरमध्ये ठेवावं आणि नंतर कोमट पाण्यात धुवावं, कारण गारठ्याने किडे मरतात, घाण निघत नाही. त्याआधी डोळे ओढून पाहावेत, उसवलेली शिवण घालावी. बॅटरीवाल्या खेळण्याचं फक्त अंग पुसावं.

एवढ्या खटाटोपापेक्षा नवं घ्यावं, हा आक्षेप मला पटत नाही. नव्यावरही धूळ बसतेच, आणि फेकलेल्या टेडीतलं पॉलिस्टर कुजत नाही. खरी अडचण पुण्यातल्या जुलै-ऑगस्टची आहे: वरची लव सुकते, आतला कापूस बुरसतो. तेव्हा टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढावं, पंख्याखाली उलटंपालटं करत ठेवावं आणि पोट चिमटीत दाबून पाहावं. बोटांना गार लागलं, तर आणखी एक दिवस.