दमसास घाईने येत नाही

हिवाळ्याच्या पहाटे छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठ परिसर, गोगाबाबा टेकडीचा पायथा आणि शहराबाहेर जाणारे रस्ते धावणाऱ्यांनी गजबजतात. त्यांत वजन कमी करू पाहणारे असतात, मॅरेथॉनची तयारी करणारे असतात. पण लक्ष वेधून घेतात ती पोलीस आणि सैन्य भरतीसाठी धावणारी मुले-मुली. गाव सोडून शहरात खोली करून राहणाऱ्या या तरुणांसाठी धावणे हा छंद नाही, नोकरीचा प्रश्न आहे. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि गुण सेकंदांवर ठरतात. जाहिरात निघाली की दिवस थोडे उरतात. मग रोज छाती फुटेस्तोवर पळायचे, हाच अनेकांचा सराव होऊन बसतो. शरीरशास्त्र मात्र नेमके उलटे सांगते.

सोळाशे मीटरची धाव पाच-सहा मिनिटांची असते. एवढा वेळ स्नायूंना लागणारी बहुतांश ऊर्जा प्राणवायूच्या मदतीने तयार होते. म्हणजे ही परीक्षा वेगाची दिसत असली, तरी ती मुख्यतः दमसासाची आहे. दमसास वाढतो तो महिनोन्‌महिने केलेल्या संथ धावण्याने. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींमधील ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची संख्या वाढते. म्हणूनच जगातील अव्वल धावपटू आपल्या सरावाचा मोठा भाग सावकाश धावतात आणि जोरकस धाव आठवड्यातून दोन-तीनदाच घेतात. संथ धाव म्हणजे किती संथ, याची खूण सोपी आहे: सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागत असेल, तर वेग जास्त झाला.

दुसरा मुद्दा हाडांचा. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावाला सरावतात; हाडे आणि कंडरा यांना महिने लागतात. त्यामुळे दम वाढल्यासारखा वाटतो, अंतर वाढवले जाते आणि नडगी दुखू लागते. तशाच अवस्थेत डांबरी रस्त्यावर धावत राहिल्यास हाडाला केसाएवढी भेग पडते आणि ऐन भरतीच्या वेळी घरी बसावे लागते. दुखण्याची जागा बोटाने नेमकी दाखवता येत असेल आणि रात्रीही ठणका असेल, तर मलम चोळत बसू नये; डॉक्टरांना दाखवावे.

सावकाश घडलेल्या दमसासाचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. अविनाश साबळे हा छत्रपती संभाजीनगर विभागातल्याच बीड जिल्ह्याचा, आष्टी तालुक्यातील मांडव्याचा. शेतकरी कुटुंबातला हा मुलगा शाळेसाठी रोज सुमारे सहा किलोमीटरची वाट चालत-धावत जाई. बारावीनंतर तो सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला आणि २०१५ मध्ये सैन्यातल्या क्रॉसकंट्री शर्यतींतून धावपटू म्हणून पुढे आला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमधील गोपाल सैनी यांचा ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचे सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदाने हुकले, तर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने ते पटकावले. क्रॉसकंट्रीच्या मातीपासून आशियाई सुवर्णापर्यंत आठ वर्षे लागली. त्याआधीची शाळेची पायपीट वेगळीच.

क्रॉसकंट्री म्हणजे माती, गवत, चढ-उतार आणि कधी चिखल यांतून धावण्याची शर्यत. ना ट्रॅक लागतो, ना महागडी साधने. प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात पडत असल्याने घोट्यापासून कमरेपर्यंतचे लहान स्नायूही कामाला लागतात. मऊ जमिनीवर वेग कमी होतो, कष्ट मात्र तितकेच होतात. पाहणाऱ्यालाही ही शर्यत बरेच शिकवते. जागतिक स्पर्धेत साधारण दोन किलोमीटरची फेरी पुन्हा पुन्हा घेतली जाते, त्यामुळे तेच धावपटू अनेकदा समोरून जातात. पहिल्या फेरीत उसळून पुढे गेलेले चौथ्या फेरीत कुठे आहेत, हे पाहावे. चढावर कोणाचे खांदे आखडले, उतारावर कोणाची पावले सैल पडली, हे पाहावे. सांघिक क्रमवारीत संघातील पहिल्या चार धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज होते आणि सर्वांत कमी बेरीज असलेला संघ जिंकतो. म्हणून तिसाव्या क्रमांकासाठीची झुंजही पदक ठरवू शकते.

घाईइतकाच दुसरा शत्रू म्हणजे उष्मा. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉसकंट्री शर्यत कडक उन्हात झाली. ३८ जण धावले, त्यांपैकी केवळ १५ शेवटपर्यंत पोहोचले. फिनलंडचा पावो नूर्मी जिंकला, पण त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून कायमचा वगळला गेला. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टला तापलेल्या हवेत झालेल्या जागतिक स्पर्धेत आघाडीवरची इथिओपियाची लेटेसेनबेट गिडे अंतिम रेषेपासून काही मीटरवर कोसळली. जगातल्या सर्वोत्तम धावपटूंची ही गत होते, तर अपुऱ्या तयारीच्या उमेदवाराचे काय? जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावचाचणीदरम्यान काही उमेदवारांनी प्राण गमावले. नंतर ते अंतर कमी करण्यात आले. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सराव पहाटेच उरकावा. धावताना चक्कर येणे, छातीत दुखणे किंवा गोंधळल्यासारखे वाटणे ही थांबण्याची सूचना असते. तिथे जिद्द कामाची नाही.

मुलींसाठी आणखी एक काळजी हवी. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. हिमोग्लोबिन कमी असेल, तर स्नायूंना प्राणवायूच कमी पोहोचतो. मग सराव वाढवून वेळ सुधारत नाही, थकवा वाढतो. सरावाच्या सुरुवातीलाच रक्ततपासणी करून घ्यावी. पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ‘धावल्याने असे होतेच’ म्हणून सोडून देऊ नये. खाणे कमी आणि धावणे जास्त होत असल्याची ती खूण असते आणि त्याची किंमत हाडे मोजतात.

यातले बरेचसे उमेदवाराच्या हाती आहे: जाहिरातीची वाट न पाहता सहा महिने आधी सुरुवात, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती, पुरेशी झोप आणि पोटभर जेवण. पण काही गोष्टी शहराच्या हाती आहेत. पहाटेच्या अंधारात ट्रकच्या बाजूने डांबरावर धावणे हा तरुणांचा हट्ट नाही, त्यांना दुसरी जागा नाही. विद्यापीठासारख्या मोकळ्या परिसरात दोन किलोमीटरची मातीची फेरी आखणे, तिथे दिवे आणि पिण्याचे पाणी ठेवणे, यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही. त्याच फेरीवर शालेय मुलांच्या क्रॉसकंट्री शर्यती दर हिवाळ्यात घेता येतील. आज बारा वर्षांचे असलेले मूल तिथे धावू लागले, तर भरतीच्या वयात त्याला छाती फुटेस्तोवर पळण्याची वेळ येणार नाही.