पडदा बसला, तरी जपा

सिद्धेश्वर धरणाखालचा शेतकरी डोळ्याचे मोठे ऑपरेशन करून घरी आला, की चार दिवसांत त्याला हळदीचे पाणी आठवते. त्याला घरात धरून ठेवणे ही घरच्या बायामाणसांचीच कसोटी!

सरकलेला पडदा बसवताना डॉक्टर पुष्कळदा डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा वर तरंगतो. म्हणून पडद्याचे छिद्र त्याने दाबले जावे अशा बेताने मान ठेवायला सांगतात. कुणाला पालथे, कुणाला कुशीवर. पाहुणे आले म्हणून उठून बसू नये. पोते उचलणे डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. मुलाने विमानाचे तिकीट पाठवले तरी बुडबुडा विरेपर्यंत नको. उंचावर वायू फुगतो आणि डोळा जाऊ शकतो. दुसऱ्या आजारासाठी भूल द्यायची झाली तर वायूचे आधी सांगावे.

बुडबुडा विरताना डोळ्यापुढे पाण्याची रेघ दिसते. उन्हाळ्यात धरणाची उतरावी तशी ती रोज खाली जाते. तिला भिऊ नका. भ्यायचे ते विजेसारख्या चमकेला, एकाएकी उठणाऱ्या काळ्या ठिपक्यांना, कडेने पुढे सरकणाऱ्या सावलीला. दुखत काहीच नाही, हाच या दुखण्याचा कावा! म्हणून रोज सकाळी चांगला डोळा तळहाताने झाकून अंगणातला लिंब पाहावा.

पडद्यावर धरलेला व्रण आखडला की पडदा पुन्हा ओढला जातो, आणि हे बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच. तपासणीची तारीख बाजाराच्या दिवशी आली तरी चुकवू नये. दुसरा डोळाही तेव्हाच दाखवावा. सावली दिसली तर मात्र तारखेची वाट कसली? त्याच दिवशी ऑपरेशनवाल्या डॉक्टरांकडे जाणारी गाडी धरावी.