केक ऑर्डर करू नका, बिघडवा!

या शनिवारी खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं होतं. पण मागच्या रविवारी लेकीचा सहावा वाढदिवस झाला आणि वर्षभर डोक्यात साठलेला राग पुन्हा वर आला. तो आधी ओकून टाकतो.

राग कशाचा? फोटोसाठी केलेल्या केकचा.

गेल्या वर्षीची गोष्ट. लेकीला 'अंतराळाचा केक' हवा होता. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेव्हा ही बया माझ्या मांडीवर बसून टाळ्या पिटत होती. तेव्हापासूनचं वेड. नेमकं वाढदिवसाच्या आठवड्यात माझं रिलीज. मी मीटिंगमध्ये माइक बंद ठेवून चार मिनिटांत फोनवरून केक मागवला. आला तो काय देखणा! काळंनिळं आकाश, वर रॉकेट, अंतराळवीर, भोवती गोल रांगेत नऊ ग्रह. सगळ्यांनी फोटो काढले.

मग कापायला घेतला. रॉकेट प्लास्टिकचं. अंतराळवीराच्या पोटात तार. वरचं फाँडंट, म्हणजे साखर आणि ग्लुकोजची कणकेसारखी लाटलेली जाड पोळी, पोरांनी सोलून प्लेटच्या कडेला ठेवली. आतला स्पंज कोरडा ठणठणीत. पाहुणे गेल्यावर अर्धा केक मी स्वतः कचऱ्यात टाकला. झोपताना लेक म्हणाली, "बाबा, आपला केक कोणी केला होता?"

काय सांगणार? मला माहीतच नव्हतं.

आपल्या धंद्यात याला डेमो म्हणतात. स्क्रीन चकाचक, मागे ठणठण गोपाळ. ऑफिसात असला डेमो कोणी दाखवला तर आपण त्याची सालटी काढतो. घरी मात्र त्याचेच पैसे मोजतो, वर "वॉव" म्हणतो.

आणि ते नऊ ग्रह! प्लूटोला २००६ मध्येच ग्रहांच्या यादीतून काढलंय, ते एकवेळ सोडा. पण गुरू आणि पृथ्वी एकाच मापाचे? गुरूचा व्यास पृथ्वीच्या सुमारे अकरापट. म्हणजे पोरीच्या आवडत्या विषयावर, तिच्याच वाढदिवशी, आपण पैसे देऊन थाप विकत घेतली.

तर मंडळी, यंदा केक मी केला. मी म्हणजे आम्ही दोघांनी. शुक्रवारी रात्री ओटीजी १८० अंशांवर तापवला, २० सेंटीमीटरच्या भांड्यात एकामागून एक चॉकलेटचे तीन थर. बायको म्हणाली, "अरे, दार सारखं उघडून बघू नकोस." बघितलं. मधला थर खड्ड्यासारखा बसला. लेक म्हणाली, "चंद्रावर खड्डे असतातच." प्रश्न मिटला.

शनिवारी दुसरा घोळ. थर नीट गार व्हायच्या आत मी बटरक्रीम लावायला घेतलं, ते ओघळून ताटात. लोणी ते, कोमट केकवर दुसरं काय करणार? पुन्हा फ्रिज. मग आधी पातळ हात मारून चुरा बसवला, पुन्हा गार केलं आणि त्यावर खरं लिंपण. काळ्या रंगासाठी सरळ काळा रंग ओतला नाही, पोरांच्या जिभा काळ्याकुट्ट होतात. क्रीममध्ये आधी भरपूर कोको, मग रंगाचे दोन-चार थेंब. रात्रभरात तो आपोआप गडद होतो. तारे? पिठीसाखर पाण्यात कालवून, कोऱ्या टूथब्रशने शिंतोडे. निम्मे तारे ओट्यावर आणि माझ्या चष्म्यावर. :-)

वरची तबकडी नारिंगी केली. तो सूर्य. आता गंमत बघा. सूर्य २० सेंटीमीटरचा धरला तर पृथ्वी जेमतेम पावणेदोन मिलिमीटरची, म्हणजे मोहरीचा दाणा. आणि तो दाणा केकवर ठेवायचाच नाही! तो साडेएकवीस मीटर लांब. चंद्र त्या मोहरीपासून साडेपाच सेंटीमीटरवर, एवढंच अंतर आपलं चांद्रयान गेलं. गुरू दोन सेंटीमीटरचा लाडू, पण शंभर मीटरच्याही पलीकडे. नेपच्यून वाटाण्याएवढा, साधारण साडेसहाशे मीटरवर.

मग रविवारी केक कापण्याआधी अकरा पोरांची वरात निघाली. मोहरी सोसायटीच्या गेटपाशी, लाडू औषधाच्या दुकानासमोर (वाटेतच कोणीतरी खाल्ला), वाटाणा चौकाच्या पलीकडे. परत येईपर्यंत एका पोराने विचारलं, "मग मधे सगळं रिकामंच?" हो बाबा, रिकामंच. हे कळायला मला इंजिनियरिंग संपल्यावरही बरीच वर्षं लागली होती.

आता तुमचे आक्षेप. "वेळ कुठाय?" मी मोजला. दोन दिवसांत मिळून सहा तास, भांडी धरून. एवढा वेळ आपण दर आठवड्याला नको त्या मीटिंगांत घालवतो, तेव्हा कोणी विचारत नाही. "ज्या बायका घरी केक करून विकतात त्यांच्या पोटावर पाय?" मुळीच नाही. नाहीच जमलं तर त्यांच्याकडूनच घ्या, चांगले पैसे द्या, पण चव मागा, पुतळा मागू नका. आणि तिसरा, न बोलला जाणारा आक्षेप: "आमच्याकडे हे बायकोच बघते." बरोबर. म्हणूनच हा लेख बाबालोकांसाठी आहे. मैदा चाळायला पदवी लागत नाही.

आमचा केक डावीकडे कललेला होता. फोटोत तर फारच वाईट दिसतो. पण ताटात चुरासुद्धा उरला नाही, आणि लेक दारात उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, "मी आणि बाबाने केलाय. मधला थर बाबाने बिघडवला."

असो. पुढच्या वर्षी तिला शनी हवाय, कड्यांसकट. कडी कशाची करावी, यावर घरात आत्तापासून भांडणं चालू आहेत. माझं मत चिक्कीला.